जुन्या सिटी व्हीटेकच्या इंजिनचं काम घरी काढायचं असेल तर

होंडा सिटीची 1.5 व्हीटेक आपल्याकडे 2000 सालच्या आसपास आली आणि 2003 मध्ये ‘डॉल्फिन’ सिटी आल्यावर बाजारातून गेली. 1493 सीसी, 106 बीएचपी, वजनाला हलकी गाडी. टॅकोमीटरचा काटा वर चढला की व्हीटेक, म्हणजे वॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा, लागायची, आवाज बदलायचा आणि गाडी पुढे झेपावायची. आज तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान गाड्या रस्त्यावर आहेत, तरी ज्याने ती चालवली तो तिला विसरलेला नाही. म्हणूनच वीस वर्षांहून जुनी, दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली व्हीटेक शोधून विकत घेणारी तरुण मुलं अजून भेटतात.

अशा बहुतेक गाड्या ऑइल खातात. गॅरेजमध्ये नेली की “इंजिनचं काम निघालंय” एवढंच उत्तर मिळतं. काम नेमकं कुठलं, वरचं (हेड, वॉल्व्ह) की खालचं (पिस्टन, बेअरिंग), हे सहसा कोणी मोजून सांगत नाही. मोजल्याशिवाय टाकलेल्या नव्या रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) हा या इंजिनावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याविरुद्ध आहे. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड ज्याने स्वतः बदलले आहेत पण हेड कधी उघडलं नाही, अशा माणसासाठी तो लिहिला आहे.

“वापरलेलं दुसरं इंजिन टाकून मोकळे व्हा” असा सल्लाही मिळेल. त्यात एक अडचण आहे. आरसी बुकात इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओकडे तशी नोंद करावी लागते, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी नेल्यावर नंबर जुळला नाही तर काम अडतं. शिवाय त्या दुसऱ्या इंजिनाची अवस्था काय आहे, हे तरी कुठे माहीत असतं? आपला ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आपल्याच गाडीत ठेवून दुरुस्त करणं केव्हाही बरं.

आधी धूर बघा

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तो कधी येतो, यावर सगळं अवलंबून आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली, एक निळा लोट आला आणि थांबला, तर संशय वॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्यायचा. रात्रभरात ऑइल झिरपून वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरलेलं असतं. दुसरी परीक्षा उताराची. खंबाटकी किंवा कसारा घाट गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून उतरा आणि खाली आल्यावर एकदम पाय द्या. मागून येणाऱ्या मित्राला त्या क्षणी निळा ढग दिसला, तर तेही बहुधा सीलचंच लक्षण. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोराची ओढ तयार होते आणि सैल सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. चढावर, लोडखाली, सतत धूर येत असेल आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर तिथून धापा टाकल्यासारखी हवा येत असेल, तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडरचं भोक).

पांढरा, जाड, गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कमी होणं म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग गेलंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. त्याचा झिजेशी संबंध नाही.

इंजिन उघडण्याआधी तीन स्वस्त गोष्टी तपासा, कारण कधीकधी काम तिथेच संपतं. पहिली, पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा. इंजिन आयडलवर असताना त्याचा मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप चिमटीत दाबला की टिक असा आवाज यायला हवा. नाही आला तर तो जाम आहे, आणि जाम पीसीव्हीमुळे धडधाकट इंजिनही ऑइल खातं. दुसरी, गळती. व्हीटेक सोलेनॉइडच्या बुडाशी असलेलं जाळीवालं पॅकिंग, डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग, टॅपेट कव्हरचं रबर आणि प्लगच्या नळ्यांची सील, या इंजिनाच्या गळतीच्या ह्या ठरलेल्या जागा आहेत. प्लग काढल्यावर नळीत ऑइल साठलेलं दिसलं तर ती सील गेलेली आहेत. तिसरी, हिशोब. सपाट जागी, गार इंजिनाला डिपस्टिक बघा, एक हजार किलोमीटर चालवा, त्याच जागी पुन्हा बघा. हजाराला पाव लिटर ऑइल गेलं तर माझ्या मते नियमित भर घालत गाडी चालवावी. लिटरभर जात असेल तर मात्र काम टाळू नका. जाड ऑइल टाकून धूर लपवण्याचा उपाय सगळेच सुचवतात. त्याने धूर कमी दिसतो, झीज तेवढीच राहते.

कॉम्प्रेशनचे चार आकडे

कॉम्प्रेशन गेज विकत घ्या किंवा मागून आणा, पण ही चाचणी स्वतः करा. इंजिन नीट गरम झालेलं हवं, बॅटरी भरलेली हवी. डिस्ट्रिब्यूटरचं आणि इंजेक्टरांचं कनेक्शन काढा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कोणाला तरी बसवा आणि गेजचा काटा थांबेपर्यंत सेल (स्टार्टर) मारा. पाच-सहा फेऱ्या पुरतात. चारही सिलिंडरला तितक्याच फेऱ्या द्या आणि आकडे कागदावर लिहा.

होंडाच्या या डी सीरिज इंजिनांसाठी ढोबळ हद्द अशी: 135 पीएसआयच्या खाली, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 9.5 किलोच्या खाली कोणताही सिलिंडर जाता कामा नये, आणि सर्वांत चांगल्या व सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये 28 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. निरोगी इंजिन 185 च्या आसपास दाखवतं.

आता कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. ही ओली चाचणी. आकडा झपकन वर गेला तर गळती रिंगांकडून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा जिथल्या तिथे राहिला तर वॉल्व्ह बसत नाहीत किंवा पॅकिंग गेलंय. शेजारचे दोन सिलिंडर जोडीने खाली असतील तर त्या दोघांच्या मधलं पॅकिंग पाहा.

कॉम्प्रेशन चारही ठिकाणी उत्तम, तरी धूर येतोच, असंही होतं. तेव्हा वरच्या दोन रिंगा शाबूत असतात आणि तिसरी, ऑइल खरवडणारी रिंग कार्बनने अडकलेली असते, किंवा वॉल्व्हची सील कडक झालेली असतात. घाटाची परीक्षा इथे कामी येते.

जागा, हत्यारं, सामान

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करायचं तर आधी परवानगी घ्या. गाडी काही आठवडे हलणार नाही. वर छप्पर आणि खाली सपाट काँक्रीट हवंच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पेट्रोल लाइनचं प्रेशर सोडा, शेजारी अग्निशामक ठेवा.

गोटी पान्यांचा चांगला सेट, टॉर्क पाना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं), सरळ पट्टी, वॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं हत्यार, रिंग कंप्रेसर आणि प्लास्टिगेज (बेअरिंगमध्ये चेपून फट मोजायची प्लास्टिकची दोरी) एवढं लागतं. मायक्रोमीटर आणि बोअर गेज विकत घेऊ नका. ते मोजमाप बोरिंगवाल्याकडे (इंजिनाचं मशीनकाम करणाऱ्याकडे) करून घ्या.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस. जाताना ब्लॉकवरचा इंजिन कोड लिहून न्या आणि शक्य असेल तर जुनी रिंग खिशात ठेवा. 75 मिमी बोअर डी सीरिजच्या कितीतरी इंजिनांना आहे, पण रिंगांची जाडी सगळीकडे सारखी नाही. दुकानदाराने “बसते हो” म्हटलं तरी जाडी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि त्याच इंजिन कोडचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. टॉर्कचे आकडे अंदाजाने किंवा दुसऱ्या इंजिनावरून घ्यायचे नसतात.

वरचं काम: बेल्ट आणि हेड

पहिला अडथळा म्हणजे क्रँक पुलीचा बोल्ट. तो वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेला असतो. काही मेकॅनिक पाना जमिनीला टेकवून सेल मारायची युक्ती वापरतात. या इंजिनावर ती करूच नका. पुलीकडून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे त्या युक्तीने बोल्ट आणखी आवळला जातो. पुली धरून ठेवायचं षटकोनी हत्यार मिळतं, ते आणि पान्याला लांब पाइप हाच खरा मार्ग.

बेल्ट काढण्याआधी पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) आणा. कॅम पुलीवरची ‘अप’ खूण वर आणि दोन्ही बाजूंच्या रेषा हेडच्या पृष्ठभागाशी समांतर हव्यात. क्रँक पुलीवर दोन प्रकारच्या खुणा आहेत: एक एकटी, मूळची पांढरी, ती टीडीसीची, आणि शेजारी तीन जवळजवळ, त्यांतली मधली मूळची लाल, ती इग्निशन टायमिंगची. रंग उडालेले असतात, म्हणून एकटी खूण कोणती ते बोटाने चाचपून ठरवा. नवखी माणसं इथेच चुकतात, आणि या इंजिनात टायमिंग मोठ्या फरकाने चुकलं तर पिस्टन वॉल्व्हला आदळतात.

रॉकरची (कॅमच्या जोराने वॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) जुळणी काढताना कॅम होल्डरचे बोल्ट थोडे थोडे, आडवेतिडवे सैल करा, पण होल्डरमधून बाहेर काढू नका. ते बोल्टच रॉकर, स्प्रिंगा आणि शाफ्ट एकत्र धरून ठेवतात. व्हीटेकच्या इनटेक बाजूला प्रत्येक सिलिंडरला तीन रॉकर आहेत आणि त्यांच्यातून पिन सरकते. त्या तिघांना रबरबँड बांधून ठेवा.

हेड बोल्ट इंजिन पूर्ण गार असतानाच, बाहेरून आत या क्रमाने, एका वेळी तिसरा हिस्सा फेरी फिरवत सैल करायचे. घाई केली तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

हेड टेबलावर आल्यावर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खाली फीलर सरकवा. 0.05 मिमीचं पान कुठेच जात नसेल तर फेसिंगची (मशीनवर सपाट करण्याची) गरज नाही. जात असेल तर हेड बोरिंगवाल्याकडे द्या. वॉल्व्ह काढून क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा, कार्बन साफ करा, पेस्ट लावून सीटवर घासा. दोन्हींवर अखंड, राखाडी, एकसारखी कडी उमटली की घासणं पुरे. मग वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि अर्धा तास थांबा. थेंब झिरपला तर पुन्हा घासा. वॉल्व्ह गाइडमध्ये बाजूला डुलत असेल तर गाइड बदलल्याशिवाय नवी सील टिकणार नाहीत. सील बसवताना स्प्रिंगचा रंग बघा: इनटेकला पांढरी, एक्झॉस्टला काळी. त्यांची अदलाबदल चालत नाही.

ओल्या चाचणीत आकडा हलला नव्हता आणि बोअर चांगला दिसतोय? मग इथेच थांबा. हेड बसवा आणि गाडी चालवा. हेड उघडलंच आहे म्हणून खालचंही करून घेण्याचा मोह होतो, पण चांगल्या बोअरमध्ये बसलेल्या रिंगा उगाच हलवू नयेत.

खालचं काम: बोअर, रिंगा, बेअरिंग

हेड उतरल्यावर पिस्टन खाली न्या आणि बोअरच्या भिंतीवर टॉर्च तिरपा धरा. होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा अजून दिसतात का? दोन लाख किलोमीटरनंतरही होंडाच्या बोअरमध्ये त्या बऱ्याचदा दिसतात आणि पाहून खरोखर आनंद होतो. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर नव्या रिंगा तिथे बसणार नाहीत. आता अंगठ्याचं नख भिंतीवरून वर, ब्लॉकच्या तोंडाकडे न्या. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे नख अडकलं तर झिजेची पायरी तयार झाली आहे. नख उभ्या ओरखड्यात अडकलं तर प्रश्न मिटला, ब्लॉक बोरिंगला द्यायचा.

यापुढे आकडे बोलतात. मूळ बोअर 75.00 ते 75.02 मिमी. 75.07 च्या पुढे गेला किंवा वर-खाली मोजून 0.05 मिमीहून जास्त फरक आला, तर नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हा बोरिंग, होनिंग आणि 0.25 मिमी ओव्हरसाइझ पिस्टन. बोअर हद्दीत असेल, रेषा दिसत असतील, तर ब्लॉक गाडीतच ठेवून वरून पिस्टन काढता येतात. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन. एक्झॉस्टचा पुढचा पाइप सोडून खालचं ऑइल चेंबर उतरवलं की कनेक्टिंग रॉडपर्यंत हात पोहोचतो.

गाडीतच, क्रँक जागेवर असताना होनिंग करू नका, असं माझं ठाम मत आहे. कापड कोंबून, ग्रीस लावून करतात लोक. पण होनिंगची भुकटी म्हणजे शुद्ध घासपेपर, ती क्रँकच्या ऑइल-छिद्रात शिरली की नव्या बेअरिंगचं आयुष्य तिथेच संपतं. होनिंग लागणार असेल तर चेन पुली आणून ब्लॉक बाहेर काढा. होनिंगनंतर बोअर गरम साबणाच्या पाण्याने, ब्रशने धुवा. पेट्रोलने ही भुकटी निघत नाही. पांढरं कापड फिरवून ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे, आणि लगेच ऑइलचा हात फिरवा, नाहीतर पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

रॉड सोडण्याआधी प्रत्येक रॉड आणि त्याच्या टोपीवर सिलिंडरचा क्रमांक स्वतः रंगवा. रॉडवर आधीच आकडा कोरलेला दिसेल. तो सिलिंडरचा नंबर नाही, मोठ्या टोकाच्या मापाचा कोड आहे, आणि तो क्रमांक समजून रॉड लावणारे कमी नाहीत. टोप्यांची अदलाबदल होता कामा नये, त्या रॉडसोबतच घडवलेल्या असतात. पिस्टन वर ढकलण्यापूर्वी बोअरच्या तोंडाचा कार्बन खरवडा आणि रॉड बोल्टवर रबरी पाइपचे तुकडे चढवा, म्हणजे क्रँकवर चरा पडणार नाही.

बेअरिंग हातात घेऊन पाहा. एकसारखा राखाडी पट्टा म्हणजे ठीक. तांबूस रंग उघडा पडला असेल तर वरचा थर गेलेला आहे. बारीक खडे रुतलेले दिसले तर ऑइल वेळेवर बदललं नव्हतं. नवी बेअरिंग घेताना क्रँक आणि रॉडवरचे कोड जुळवून रंगानुसार घ्या. प्लास्टिगेजने फट मोजा: रॉड बेअरिंगला ती 0.02 ते 0.05 मिमीच्या आत हवी. प्लास्टिगेज ठेवलेला असताना क्रँक फिरवू नका.

पिस्टनच्या खाचा जुन्या तुटलेल्या रिंगेच्या तुकड्याने साफ करा. तिसऱ्या खाचेतली ऑइल परत जायची बारीक छिद्रं एकेक करून मोकळी करा. ऑइल खाण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. नवी रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टनच्या माथ्याने तळापासून 15 ते 20 मिमीवर सरळ ढकला आणि तोंडाची फट मोजा. वरच्या रिंगला 0.15 ते 0.30 मिमी, दुसरीला 0.30 ते 0.45 मिमी. नवी रिंग असूनही वरची फट 0.60 च्या पुढे जात असेल तर बोअर संपला आहे, मायक्रोमीटर काहीही म्हणो.

जोडणी

रिंगांवरची खूण वर. तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे फिरवून ठेवा. पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला. पिस्टन आत ढकलताना हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. अडकल्यासारखं वाटलं की लगेच थांबा, रिंग बाहेर निसटलेली असते. जोर लावला तर ती तुटते. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक हाताने फिरवून बघा.

हेडचं पॅकिंग नवंच. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं नको, त्याने टॉर्क खोटा येतो. आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. सिलिकॉन फक्त मॅन्युअलने सांगितलेल्या कोपऱ्यांवर लावा. चेंबरच्या कडेने त्याची वेटोळी घातली की आतला फुगवटा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकची ऑइल सील एकदमच बदला. व्हीटेक सोलेनॉइडची जाळी साफ करा, ती तुंबली की वरच्या आरपीएमला व्हीटेक लागतच नाही. बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने, इंजिनाच्याच दिशेने पाच-सहा फेऱ्या फिरवून टीडीसीवर आणा. टेन्शनर सैल करून कॅम पुलीचे तीन दात पुढे जातील इतकं फिरवा आणि मगच टेन्शनरचा बोल्ट आवळा. पुन्हा टीडीसीवर आणून खुणा जुळवा. टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, गार इंजिनावर लावा, फटीचं माप मॅन्युअलमधलं.

पहिला सेल आणि पहिले हजार किलोमीटर

नवा फिल्टर, साधं मिनरल ऑइल, साधारण सव्वातीन लिटर. सिंथेटिक नंतर टाका. सुरुवातीला रिंगांना भिंतीवर घासून बसू द्यावं लागतं. प्लग न लावता, इंजेक्टर बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल मारा. मग सगळं जोडून सुरू करा. हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत कूलंट भरत राहा. गळती बघा, ऑइलचा दिवा बघा, आणि आयडलवर ताटकळत ठेवू नका.

गाडी त्याच दिवशी रस्त्यावर काढा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम ॲक्सिलरेटर देत 2000 पासून 4000 पर्यंत न्या आणि पाय सोडून गिअरमध्येच खाली येऊ द्या. असं पुन्हा पुन्हा करा. दाबाने रिंगा भिंतीला टेकतात, सोडल्यावरच्या ओढीने ऑइल वर येऊन भुकटी धुऊन नेतं. एकाच वेगाने महामार्गावर तासन्‌तास नेणं या टप्प्यात सर्वांत वाईट. पहिल्या काही दिवसांत थोडा धूर येतो, घाबरू नका. चारशे-पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, जुनं ऑइल अधिकृत पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवा.

हजार किलोमीटर झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासा, कॉम्प्रेशन पुन्हा मोजा आणि नवे चार आकडे त्याच कागदावर जुन्यांच्या खाली लिहा. ते एकमेकांजवळ आले असतील, तर आता काटा लाल रेषेपर्यंत जाऊ द्यायला हरकत नाही.